भेंडोळ्यात अडकलेली उष्णता

ताडोबाच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात, गेल्या मे महिन्यात, परिचितांच्या वावरात पाहुण्यांची कॅम्पर गाडी मुक्कामाला होती. घरापासून गाडी जेमतेम १५ मीटरवर, पण वीज नेली होती ५० मीटरच्या रिळाने. लागेल तेवढी वायर ओढून उरलेली ३५ मीटर रिळावर तशीच ठेवलेली होती. भर दुपारी एसी आणि इंडक्शन शेगडी एकदमच चालू असताना प्लास्टिकचा वास आला. पिन काढून वायर उलगडायला घेतली, तेव्हा वरचे वेढे नुसते गरम होते. पाचसहा थर उतरल्यावर मात्र आतले वेढे हाताला चटका देऊ लागले आणि एकमेकांना चिकटलेले निघाले.

घरातला १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडला नव्हता आणि तो पडण्याचे कारणही नव्हते, कारण प्रवाह साधारण १० अँपिअरच होता. एमसीबीला प्रवाह कळतो. वायर उलगडलेली आहे की गुंडाळलेली, हे त्याला कळत नाही.

१.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या लवचिक तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम असतो. वीज एका तारेने जाते आणि दुसऱ्या तारेने परतते, त्यामुळे रिळावरच्या ३५ मीटर वायरीत प्रत्यक्षात ७० मीटर तार येते आणि तिचा रोध जवळपास ०.९३ ओहम भरतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, या जूलच्या नियमाने १० अँपिअरला ९३ वॅट उष्णता होते, म्हणजे जवळजवळ जुना १०० वॅटचा बल्ब त्या भेंडोळ्यात पेटवून ठेवल्यासारखे झाले. तीच वायर जमिनीवर पसरली असती, तर मीटरमागे पावणेतीन वॅटही आले नसते आणि ते हवेत सहज विरले असते. त्यात तांबे तापले की त्याचा रोधही अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. प्रवाह निम्मा केला तर उष्णता मात्र एक चतुर्थांशावर येते, आणि म्हणूनच शेगडी व एसी आळीपाळीने लावण्यात मोठा फायदा आहे.

वेटोळ्यामुळे चुंबकत्व तयार होऊन वायर तापते, असे अनेक जण सांगतात. ते खरे नाही. जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारीशेजारी, उलट दिशांनी वाहत असल्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना जवळपास पूर्ण रद्द करतात. दोष उष्णतेला वाट न मिळण्याचा आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. हवा ३० अंशांवर असेल तर तापायला ४० अंशांची मुभा राहते, तर ४५ अंशांत २५ अंशांचीच. त्यामुळे एरवी १० अँपिअर पेलणाऱ्या वायरीवर तेव्हा ८ अँपिअरपेक्षा जास्त भार टाकू नये. रिळावर बहुधा गुंडाळलेल्या आणि उलगडलेल्या स्थितीचे वॅट वेगवेगळे छापलेले असतात, पण ते आकडे आपल्या मे महिन्यासाठी काढलेले नसतात.

कॅम्परचा दुसरा धोका रबरी टायरांमुळे येतो. आतली एखादी फेज तार पत्र्याला टेकली, तर टायरांमुळे गाडीचा सांगाडा जमिनीपासून अलग राहतो, काही बिघडल्याचे लक्षण दिसत नाही, आणि ओल्या जमिनीवर उभा राहून दाराची कडी धरणाऱ्या माणसातून २३० व्होल्टला वाट मिळते. लोखंडी कूलरच्या शॉकची ओळख विदर्भात कुणाला करून द्यावी लागत नाही. हे प्रकरण त्याच जातीचे आहे. म्हणून कूलरसाठी सर्रास वापरली जाणारी दोन तारांची वायर येथे मुळीच चालणार नाही. तिसरी, अर्थिंगची हिरवी-पिवळी तार बोर्डापासून गाडीपर्यंत अखंड हवी, आणि घराच्या बाजूला ३० मिलिअँपिअर प्रवाह गळताच वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, हवा; तोही त्याचे टेस्ट बटण दाबून पाहिलेला.

ट्रॅक्टरच्या वाटेत वायर टाकू नये आणि जोड विटेवर उचलून झाकावा, हे शेतातल्या माणसाला ठाऊकच असते.

त्या दिवशी आम्ही सगळी वायर धुऱ्याच्या कडेने, सावलीतून, सैल नागमोडी पसरली. मग अर्थिंगचा खड्डा पाहिला, तर उन्हाने माती भेगाळून पार कोरडी पडलेली होती. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून घरच्या गड्याने विहिरीचे दोन बादल्या पाणी त्यात ओतले, आणि त्यानंतरच गाडीची पिन पुन्हा लावली.