राउटरचा पॅरलल गाइड की गाइड रेलचा अडॅप्टर?

प्लंज सॉसाठी (वरून फळीत उतरवायच्या गोल करवतीसाठी) गाइड रेल, म्हणजे मशीन सरळ चालवणारी अॅल्युमिनियमची पट्टी, घेतली की थोड्याच दिवसांत राउटरही (फिरत्या पात्याने, म्हणजे बिटने, लाकडात खाच मारणारं मशीन) त्याच रेलवर चालवावा असं वाटायला लागतं. ते योग्यच आहे. रेलवर सरळ खाच मारण्याची सोय एकदा अंगवळणी पडली की प्लायची पट्टी ठोकून काम करायला हात धजत नाही. घोळ होतो तो खरेदीच्या वेळी. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर जाऊन ‘राउटरचा गाइड द्या’ म्हटलं की काउंटरवर दोन सळ्या आणि त्यांना जोडलेली एक धातूची पट्टी येते. तो पॅरलल गाइड, आणि बहुतेक वेळा तो राउटरच्या खोक्यात आधीपासूनच पडलेला असतो. रेलवर चालायला जो अडॅप्टर लागतो तो वेगळा. दोघं भावंडांसारखे दिसतात. दोघांच्या सळ्या राउटरच्या बेसमधल्या त्याच दोन भोकांत जातात आणि त्याच स्क्रूंनी आवळल्या जातात. काम मात्र दोघांचं अगदी निराळं आहे.

पॅरलल गाइड फळीच्या कडेला लागून चालतो. म्हणजे खाच कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर येते. कड जशी असेल तशी. अडॅप्टर रेलच्या पाठीवरच्या उंचवट्याला, म्हणजे रिबला धरून चालतो. फळीची कड वाकडी असो, गोल असो किंवा चार फूट दूर असो, त्याला तिच्याशी देणंघेणं नाही. तुम्ही रेल जिथे लावाल तिथे खाच पडते. खरेदीचा निर्णय इथेच होतो: मला कड पाळायची आहे की फळीवर आखलेली रेघ?

उदाहरण म्हणून पुस्तकांचं साधं कपाट घेऊ. उभ्या बाजू १८ मिमी प्लायच्या, सात फूट उंच, मागे ६ मिमीची पाठ. पाठीसाठी दोन्ही बाजूंना मागच्या कडेपासून १०-१२ मिमी आत उभी खाच लागते. हे काम पॅरलल गाइडचंच आहे, आणि माझ्या मते रेल हाताशी असतानाही ते पॅरलल गाइडनेच करावं. अंतर एकदा लावायचं, क्लॅम्प लावायचे नाहीत, रेल जोडायची नाही, आणि दोन्ही खाचा एकाच मापाच्या येतात. सात फुटांच्या फळीला १४०० मिमीची एक रेल पुरत नाही. दोन रेली कनेक्टरने जोडाव्या लागतात, आणि त्या जोडावर केसभर जरी कोन राहिला तरी राउटरच्या खाचेत तो उमटतो.

पॅरलल गाइडच्या अटी दोन. पहिली, कड सरळ हवी. शीटची कारखान्यातून आलेली कड बहुधा चालते. हातकरवतीने कापलेली कड आधी रंध्याने किंवा रेलवर सॉने सरळ करून घ्यावी, नाहीतर तिचा प्रत्येक खड्डा खाचेत उतरतो. दुसरी अट टोकांची. फळीवर शिरताना गाइडचा अर्धाच भाग कडेला टेकलेला असतो, बाहेर पडतानाही तेच. नेमकं तिथे मशीन हलतं आणि खाचेचं तोंड वाकडं होतं. बहुतेक गाइडच्या पट्टीला दोन भोकं असतात ती यासाठीच. तिथे फूटभर लांबीची सरळ लाकडी पट्टी स्क्रूने बसवली की टोकांचा त्रास जवळपास संपतो. हे एवढंसं काम बहुतेक जण करत नाहीत आणि मग गाइडला दोष देतात.

आता त्याच कपाटाच्या आडव्या फळ्या. त्या बसवायच्या खाचा खालून फूट, सव्वादोन फूट, साडेतीन फूट अशा उंचीवर येतात. सळ्यांची लांबी पाहता पॅरलल गाइड कडेपासून वीतभर आतपर्यंतच पोचतो. लांब सळ्या मिळतात, पण जितकं लांब तितकं ते लपकतं. इथे रेल आणि अडॅप्टरला पर्याय नाही.

अडॅप्टर घेतला म्हणजे सगळं आलं असं नाही. रेल काही मिलिमीटर जाड असते. राउटरच्या बेसची एक बाजू रेलवर टेकते आणि दुसरी बाजू हवेत राहते, म्हणजे मशीन कलतं आणि खाचेचा तळही कलता येतो. त्यासाठी बेसच्या मोकळ्या बाजूला उंची कमीजास्त करता येणारा पाय लावतात. फेस्टूलच्या ओएफ १०१० या राउटरला रेलसाठी एफएस-ओएफ १००० हा अडॅप्टर लागतो. त्यांच्या पद्धतीत हा पाय बेसमधल्या आट्याच्या भोकात बसवून बेस फळीला समांतर होईपर्यंत फिरवायचा असतो. दुसऱ्या कंपनीचा अडॅप्टर घेताना ‘पाय आहे का?’ हे आधी विचारा. नसेल तर रेलच्याच जाडीची पट्टी बेसखाली दुहेरी टेपने चिकटवून काम भागतं.

त्या जाडीचा आणखी एक परिणाम बिट विकत घेतानाच लक्षात ठेवायला हवा. मशीन तेवढंच वर उचललं गेलेलं असतं, त्यामुळे बिटची पोच तेवढीच कमी होते. आखूड बिट फळीपर्यंत जेमतेम पोचतो, मग तो कॉलेटमधून, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीतून, जास्त बाहेर काढायचा मोह होतो. तसं करू नये. लांब बिट घ्यावा. खोलीचं शून्यही (बिटचं टोक फळीला टेकतं ती जागा) मशीन रेलवर ठेवून, पाय जुळवून, मगच लावायचं. आधी टेबलावर लावलेलं शून्य इथे चालत नाही.

सॉवरून राउटरवर येणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो तो रेलच्या काळ्या रबरी कडेचा. सॉसाठी ती कड म्हणजेच कापाची रेघ. तिथे रेल लावली की काम झालं. राउटरचा बिट त्या कडेवर येताच कामा नये. फेस्टूलची सूचना आहे की रेलची पुढची कड आणि बिट यांच्यात ५ मिमीचं सुरक्षित अंतर ठेवा. त्याहून जवळ गेलात तर रबर कापलं जातं आणि मग सॉच्या कामालाही ती कड विश्वासाची राहत नाही. म्हणजे राउटरसाठी रेल रेघेवर न लावता रेघेपासून ठराविक अंतरावर लावावी लागते.

ते अंतर दरवेळी टेपने मोजण्यात अर्थ नाही. मी सांगतो ती पद्धत अशी. सळ्यांवर अडॅप्टर आवळला की टाकाऊ प्लायच्या तुकड्यावर रेल लावून एक खाच मारा. रेल तिथेच असू द्या. रबरी कडेपासून खाचेच्या जवळच्या काठापर्यंत घट्ट बसेल असा लाकडाचा ठोकळा कापा, त्याचे दोन करा आणि त्यांच्यावर बिटचं माप लिहून ठेवा. आता प्रत्यक्ष फळीवर खाचेच्या काठाची रेघ आखायची, रेघेला दोन्ही टोकांना ठोकळे लावायचे, ठोकळ्यांना रेल टेकवायची आणि क्लॅम्प आवळायचा. कपाटाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून एकाच रेलवर दोन्हींत खाच मारली तर फळी नंतर एका बाजूला वर, एका बाजूला खाली होण्याचा प्रश्नच येत नाही. दोन्ही बाजू मिळून रुंदी दोन फूट झाली तरी १४०० ची रेल दोन्हीकडे भरपूर बाहेर राहते, आणि तशी राहायलाच हवी, कारण मशीन फळीवर शिरण्याआधी अडॅप्टर रिबवर पूर्ण बसलेला असला पाहिजे. अख्ख्या शीटची चार फूट म्हणजे १२२० मिमी रुंदीही याच मापाची रेल पार करते.

क्लॅम्प रेलचेच घ्या. त्यांचा हात रेलच्या खालच्या खाचेत सरकतो आणि वरची बाजू मोकळी राहते. साधा सी-क्लॅम्प वरून लावला तर राउटर वाटेत त्याच्यावर आदळतो. सॉच्या कामात रेलच्या पोटाच्या रबरी पट्ट्या रेलला धरून ठेवतात, म्हणून काही जण क्लॅम्प लावतच नाहीत. राउटर आडवा जोर लावतो. दोन्ही टोकांना क्लॅम्प हवेतच.

प्लायच्या जाडीचं काय? १८ ची म्हणून घेतलेली प्लाय व्हर्नियरखाली १७.४ निघू शकते. १८ चा बिट मारला तर फळी खाचेत खुळखुळते. तेव्हा १२ चा बिट लावायचा, पहिली खाच मारायची आणि रेल न हलवता अडॅप्टर सळ्यांवर ५.४ मिमी बाहेर सरकवून दुसरी मारायची. १२ अधिक ५.४, बरोबर १७.४. अडॅप्टरला किंवा सळ्यांना बारीक सरकवण्याचा स्क्रू असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. नसेल तर सळीवर व्हर्नियर धरून करावं लागतं. मी अडॅप्टर निवडताना इतर कशाहीपेक्षा या स्क्रूकडे जास्त पाहीन. खोली एका दमात घेऊ नये. ६ मिमी खोल खाच एकेक सूत म्हणजे सुमारे तीन मिमी करत दोनदा घ्यावी.

मशीन कोणत्या बाजूने ढकलायचं यातही दोघांत फरक आहे. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, म्हणून पुढे ढकलताना मशीन डावीकडे जाऊ पाहतं. पॅरलल गाइड फळीच्या कडेबाहेर लटकलेला असतो. तो उजव्या हाताला असला तर डावीकडचा हा ओढा त्याला कडेशी घट्ट ओढून धरतो. डाव्या हाताला ठेवला तर तो कडेपासून सुटतो आणि खाच नागमोडी होते. अडॅप्टर रिबला दोन्हीकडून धरतो, त्यामुळे तो सुटत नाही. पण त्याचे जबडे सैल असतील तर ती सैल हालचाल खाचेत दिसते. जबडे जुळवायचे स्क्रू असतात. रेल टेबलावर ठेवून, मशीन बंद असताना, अडॅप्टर आडवा हलत नाही पण पुढेमागे सहज सरकतो इथपर्यंत ते आणा.

आता जुळणीचा प्रश्न, आणि पैसे वाया जातात ते इथेच. दोन गोष्टी जुळायला लागतात: एका टोकाला राउटर, दुसऱ्या टोकाला रेल.

राउटरच्या बाजूला सळीची जाडी आणि दोन सळ्यांमधलं अंतर. पॅरलल गाइडच्या सळ्या राउटरमध्ये घाला, एका सळीची जाडी मोजा, मग दोन्हींच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून एका सळीची जाडी वजा करा. बाहेरचं अंतर १०८ आणि सळी ८ ची असेल तर मध्यापासून मध्यापर्यंत १००. हे दोन आकडे कागदावर लिहून दुकानात जा. अडॅप्टरची सळी अर्धा मिमी जाड असली तरी ती भोकात जात नाही, आणि बारीक असली तर स्क्रूने आवळूनही सरळ राहत नाही.

रेलच्या बाजूला रिबचा आकार. फेस्टूल आणि माकिता यांच्या रेली मापाने इतक्या जवळच्या आहेत की एकाचा अडॅप्टर दुसऱ्याच्या रेलवर सहसा चालतो. बॉशच्या एफएसएन रेलची घडण वेगळी. ती माफेलच्या रेलशी जुळते, फेस्टूलच्या नाही. डिवॉल्टची रेल दोन्ही कडांनी वापरता येते आणि तिचे अडॅप्टर तिचेच. त्यामुळे राउटर माकिताचा आणि रेल बॉशची असं असेल तर राउटरच्या कंपनीचा अडॅप्टर डोळे झाकून मागवू नका. आधी रेल कोणत्या घराण्यातली ते पाहा, मग त्या रेलवर बसणारा आणि तुमच्या सळ्या घेणारा अडॅप्टर शोधा.

मॉड्युलर किचन करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. ५ मिमीची, ३२ मिमी अंतरावरची भोकांची ओळ, कडेपासून ३७ मिमी आत, हे काम साध्या अडॅप्टरने होत नाही. त्यासाठी फेस्टूलचा एलआर ३२ संच आहे, आणि त्याला भोकं पाडलेली खास रेल लागते. तुमच्याकडची साधी रेल तिथे उपयोगाची नाही.

राहिला ट्रिमर, म्हणजे एका हातात मावणारं राउटरसारखंच छोटं मशीन. आपल्याकडे बहुतेक सुतारांच्या हातात राउटर नसून ट्रिमरच असतो. त्याचा सरळ गाइड बहुधा एका पट्टीने आणि एका स्क्रूने बसतो, दोन सळ्यांची सोय नसते. त्यामुळे मोठ्या राउटरचा अडॅप्टर त्याला लागत नाही. काही ट्रिमरना कंपनीचा स्वतःचा रेल अडॅप्टर मिळतो, माकिताच्या आरटी०७०० ला मिळतो तसा. तुमच्या मशीनला मिळत नसेल तर रेल उलटी फिरवा, म्हणजे रबरी कड पलीकडे आणि मागची अॅल्युमिनियमची कड खाचेकडे येईल. क्लॅम्प लावून त्या कडेला ट्रिमरचा बेस टेकवून चालवा. इथे रेल डाव्या हाताला हवी, कारण मशीन डावीकडे रेटलं जातं आणि बेस कडेला दाबून राहतो. बेसची कड रेलवर चढत नाही ना ते आधी पाहा. काम चालू असताना ट्रिमर हातात फिरवू नका, कारण बिट बेसच्या अगदी मध्यावर असेलच असं नाही आणि फिरवलं की खाच तेवढी सरकते. बेसच्या एका बाजूवर पेनाने खूण करा आणि दरवेळी तीच बाजू रेलला लावा.