पहिला नंबर त्याचाच, शेवटचाही त्याचाच

'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकी मालिकेचे ६२ भाग आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावले, की सगळ्यात वर येतो 'ओझिमँडियस' (२०१३). त्याला अनेक वर्षं १० पैकी १० होते. तळाला असतो 'फ्लाय' (२०१०), आठच्याही खाली. गंमत म्हणजे दोन्हींचा दिग्दर्शक एकच, रायन जॉन्सन. लेखिका मॉइरा वॉली-बेकेटही दोन्हीकडे आहे. 'फ्लाय'मध्ये सॅम कॅटलिनच्या जोडीने.

मग हे गुण नेमके कशाला मिळतात?

आधी साधी अडचण पाहू. समजा, एका भागाला ४० मतं आणि सरासरी ९.६, दुसऱ्याला ४,००० मतं आणि सरासरी ९.१. पहिला वरचढ म्हणायचा का? ४० जणांत पाच-सहा कट्टर चाहते इकडचे तिकडे झाले तरी सरासरी हलते. यावर संख्याशास्त्राचा तोडगा असा: प्रत्येक भागाच्या खात्यात आधीच काही 'मध्यम' मतं टाकून ठेवायची. सर्व भागांची सरासरी ८.२ असेल, तर त्या गुणांची ५०० काल्पनिक मतं दोघांनाही द्यायची. आता पहिला घसरतो ८.३ वर, दुसरा ९.० वर टिकतो. खरी मतं वाढत जातात तसा या काल्पनिक मतांचा प्रभाव विरत जातो. आयएमडीबीची पहिल्या २५० चित्रपटांची यादी याच धर्तीच्या सूत्राने लागते.

पण 'ओझिमँडियस'ला दोन लाखांहून जास्त मतं आहेत. तिथे हा उपाय निरुपयोगी, कारण दुखणं वेगळंच आहे. मतं वाढली की योगायोगाने येणारी चूक कमी होते. एकाच बाजूला झुकलेली चूक मात्र तशीच राहते.

हा झुकाव येतो कुठून? पाचव्या पर्वापर्यंत कंटाळलेले प्रेक्षक केव्हाच गळालेले असतात. उरतात ते मालिकेवर जीव असलेले, आणि मत देतात तेही बहुतेक तेच. शिवाय 'ओझिमँडियस' शेवटून तिसरा भाग. पाच पर्वं साठवलेला ताण तिथे एकदम फुटतो. 'फ्लाय' खर्च वाचवण्यासाठी जवळजवळ एकाच जागेत चित्रित झाला: प्रयोगशाळा, दोन माणसं आणि एक माशी. पूर्ण भागभर ती माशी मारायची धडपड. मला तो फार आवडतो, पण कथा पुढे सरकण्याची वाट पाहणाऱ्याने त्याला दोन गुण दिले तर त्याचाही राग येत नाही.

त्यामुळे दिग्दर्शकाचं मोजमाप करायचंच असेल, तर प्रत्येक भागाची तुलना त्याच्या शेजाऱ्यांशी करावी. 'ओझिमँडियस'च्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही भाग साडेनऊच्या वर आहेत आणि दोन्हींचे दिग्दर्शक वेगळे. म्हणजे त्या दहातला जॉन्सनच्या पदरात टाकता येईल असा वाटा अर्ध्या गुणाहूनही कमी. अर्थात ही पद्धतही भोळीच, कारण महत्त्वाचे भाग कुणाला द्यायचे हे निर्माते चिठ्ठ्या टाकून ठरवत नाहीत.

जॉन्सनने या मालिकेचा आणखी एकच भाग केला, 'फिफ्टी-वन' (२०१२). प्रेक्षकांच्या गुणांत तो या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेने नाट्यमालिकेच्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार त्याला दिला तो मात्र याच भागासाठी.