माळ्यावरचा वासा आणि दुसरा मॉनिटर

गुहागरला माझ्या मावसभावाने घर बांधायला काढलंय. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि नारळ ठेवायला माळा. आराखडा त्याने स्वतःच लॅपटॉपवर, घराचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केला. प्लॅन, म्हणजे घर वरून बघितल्यासारखं चित्र, नेटका होता. जिना बाजूच्या भिंतीपासून ०.६ मीटरवर माळ्यावर निघत होता. मी त्याला सेक्शन, म्हणजे घर उभं कापलेलं चित्र, उघडायला सांगितलं.

माळ्याच्या तळापासून भिंत १.२ मीटर उंच, छपराचा उतार ३० अंशांचा. शाळेतली त्रिकोणमिती आठवा: ३० अंशांचा टॅन्जंट ०.५७७. भिंतीपासून एक मीटर आत गेलं की छप्पर ५८ सेंटिमीटर चढतं, ०.६ मीटरवर फक्त ३५. तिथे एकूण उंची १.५५ मीटर. जिना चढून आलेल्या माणसाचं डोकं थेट वाशावर.

दोन्ही चित्रं दोन महिने त्याच्यासमोर होती, तरी चूक दिसली नाही. कारण तो ती एकामागून एक बघत होता. प्लॅन पूर्ण पडद्यावर, मग तो मिटून सेक्शन. आपला मेंदू नेमका इथेच तोकडा पडतो आणि मला या विषयातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

हात लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाएवढ्या, साधारण दोन अंशांच्या जागेतच आपल्याला बारीक रेघ स्पष्ट दिसते. डोळ्याच्या दृष्टिपटलाच्या मध्यावर बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशींची दाटी असते, ती एवढ्याच भागाला पुरते. बाकीचं धूसर. तरी सगळा पडदा स्पष्ट दिसतोय असं वाटतं, कारण डोळा सेकंदाला सुमारे तीन उड्या मारत तुकडे गोळा करत असतो. पण गोळा केलेलं ठेवायचं कुठे? मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये मांडलं की कार्यकारी स्मृतीत, म्हणजे काम करताना तात्पुरतं लक्षात ठेवायच्या जागेत, एका वेळी चारेक गोष्टीच मावतात. जिन्याची जागा, भिंतीची उंची, उतार, पायऱ्यांची संख्या: झाली भरती.

त्यात विंडो बदलताना पडदा लखलखतो. दृष्टीचे अभ्यासक रोनाल्ड रेन्सिंक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की दोन चित्रांच्या मध्ये ८० मिलिसेकंदांचा कोरा पडदा आला, तर चित्रातला ठळक बदलही माणसाला पटकन सापडत नाही. एरवी बदललेली जागा हलल्यासारखी दिसते आणि नजर तिकडे ओढली जाते. सगळाच पडदा एकदम बदलला की ती खूण पुसली जाते. दोन चित्रं शेजारी असली की लक्षात ठेवायचं ओझं उतरतं. शंका आली की डोळा उडी मारून पुन्हा बघून येतो, त्याला सेकंदाचा लहानसा अंश लागतो. पडदाच स्मृतीचं काम करतो.

म्हणून 'दुसरा मॉनिटर लावला की कॉम्प्युटर फास्ट होतो' हा समज उलटा आहे. कॉम्प्युटरचं काम वाढतं. १९२० गुणिले १०८० चा एक पडदा म्हणजे २०,७३,६०० ठिपके, बहुधा सेकंदाला ६० वेळा ताजे होणारे. दुसऱ्या पडद्याने ते दुप्पट होतात, आणि थ्रीडीची प्रत्येक उघडी विंडो ग्राफिक्स कार्डाला वेगळ्या कोनातून नव्याने रंगवावी लागते. वाचतं ते आपलं डोकं. थ्रीडीच्या चार विंडो उघड्या ठेवून लॅपटॉप तापवण्यापेक्षा प्लॅन आणि सेक्शन या दोनच ठेवा. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही दोन वेगळी चित्रं नसतातच. भिंत ही लांबी, जाडी, उंची असलेली एक नोंद असते आणि प्रत्येक विंडो म्हणजे तिच्याकडे बघायची वेगळी खिडकी. म्हणून एकीकडे केलेला बदल दुसरीकडे लगेच दिसतो.

प्लॅनवर वास्तुशास्त्राची रंगीत चकती चढवून नैऋत्येला 'दोष' दाखवणारेही भेटतात. कोकणात नैऋत्येकडे मोठं दार खरंच त्रासाचं. पण त्याचं कारण आकाशात दिसतं: मोसमी वारे तिकडूनच पाऊस तिरका आणतात. म्हणूनच जूनच्या आधी त्या बाजूला झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधतात. पाऊस ४५ अंशांनी तिरका आला, तर एक मीटर बाहेर काढलेली वळचण खालची एक मीटर भिंत वाचवते. हे सेक्शनमध्ये एक रेघ ओढून मोजता येतं. चकतीत मोजण्यासारखं काही नाही.

आम्ही घरातला जुना टीव्ही केबलने जोडला, समोरच्या पडद्याच्याच उंचीवर, किंचित आत वळवून. विंडोजमध्ये विंडोज आणि शिफ्ट दाबून बाणाची कळ दाबली की चालू विंडो त्या पडद्यावर जाते. डावीकडे प्लॅनमध्ये भावाने जिना आत ओढला. उजवीकडे सेक्शनमध्ये, जिन्याच्या डोक्यावर, वासा हळूहळू दूर जात होता. १.४ मीटरवर उंची दोन मीटर भरली, तेव्हा त्याने माऊस सोडला. मग दोघांचीही नजर एकदमच डावीकडे गेली: जिन्याची खालची पायरी आता माजघराच्या दारात आली होती.