ठासणीच्या रायफलीचा अचूक बार

ठासणीच्या रायफलीत दारू, चिंधी आणि गोळी नळीच्या तोंडातून आत सोडून गजाने ठासतात. एका वेळी भरलेल्या या ऐवजाला बार म्हणतात. एकाच कारागिराने बनवलेल्या दोन रायफलींनाही एकच बार मानवतो असे नाही. त्यामुळे आपल्या नळीला कोणता बार रुचतो, हे ज्याचे त्याला शोधावे लागते. काडतुसाच्या बंदुकीत मोजमापाचे काम कारखान्यातच उरकलेले असते. ठासणीत ते दर खेपेला नेमबाजाच्या हाताने होते. अचूक बाराची खरी कसोटी म्हणूनच जोराची नसून सारखेपणाची असते. विसावा बार पहिल्यासारखाच भरता आला, तरच विसावी गोळी पहिलीच्या शेजारी बसते.

रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळीला फिरकी मिळते आणि ती हवेत डळमळत नाही. कोकणात शेतराखणीसाठी परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका बहुधा गुळगुळीत नळीच्या आणि छऱ्यांच्या असतात. त्यांचा विचार या नोंदीत नाही. खाचा किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, त्याला पीळ म्हणता येईल, आणि बाराचा शोध इथूनच सुरू होतो. शिशाच्या गोल गोळीला सैल पीळ मानवतो, साधारण ६० ते ७० इंचांत एक फेरा. लांबट गोळीला घट्ट पीळ लागतो. आजच्या अनेक रायफलींत तो २८ इंचांत एक असतो. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे बंदूक-कारागीर हॉकेन बंधू यांच्या रायफलींचा ४८ इंचांचा पीळ या दोन टोकांच्या मधला. घट्ट पिळाच्या नळीत गोल गोळीमागे जास्त दारू घातली, तर मऊ शिसे खाचांची पकड सोडून सरळ घसरते आणि गोळी कुठेही जाते.

दारू म्हणजे इथे काळी दारू: साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. दाणा जितका बारीक तितकी ती लवकर जळते, म्हणून लहान व्यासाच्या नळीत बारीक आणि मोठ्या नळीत जाड दाणा वापरतात. माप ग्रेनमध्ये सांगतात (१ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम), पण प्रत्यक्षात दारू मापट्याने, म्हणजे आकारमानाने घेतात. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूही काळ्या दारूच्या मापट्यानेच घेतात; त्या वजनाने हलक्या असल्याने तराजूचा आकडा दिशाभूल करतो. आधुनिक काडतुसांतली बिनधुराची दारू ठासणीच्या नळीत कधीही घालू नये. नळी फुटते.

गोल गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. ०.५० इंचाच्या नळीला ०.४९० इंचाची, सुमारे १७७ ग्रेन वजनाची गोळी लागते. उरलेली फट चरबी किंवा तेल लावलेली सुती चिंधी भरून काढते. खाचांची पकड गोळीपर्यंत पोहोचते ती या चिंधीमार्फत. बार उडाल्यावर ती काही पावलांवर पडलेली सापडते, आणि ती उचलून वाचणे हा या विद्येतला सर्वांत बोलका भाग आहे. कडा थोड्या उसवलेल्या, मध्ये काळपट डाग, पण कापड शाबूत असेल, तर बार जमला. मध्ये जळून भोक पडले असेल, तर चिंधी पातळ किंवा कोरडी आहे, नाहीतर दारू जास्त झाली आहे. चिरा गेल्या असतील, तर दोष नळीच्या तोंडाच्या किंवा खाचांच्या धारदार कडेत शोधावा. निशाणावरच्या भोकाआधी चिंधी पाहणारा नेमबाज बरीच दारू आणि शिसे वाचवतो.

शोधाची रीत सोपी आहे, चिकाटी मात्र मागते. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून सुरुवातीला ५० यार्डांवर नेम धरतात. जुना ठोकताळा असा की नळीचा व्यास इंचाच्या जितक्या शतांशांचा, तितक्या ग्रेनांपासून आरंभ करावा, म्हणजे ०.५० च्या नळीला ५० ग्रेन. मग पाच-पाच ग्रेन वाढवत प्रत्येक मापाच्या तीन ते पाच गोळ्या झाडायच्या आणि निशाणावरच्या भोकांचा पुंजका पाहायचा. रायफल बनवणाऱ्याने घालून दिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. पुंजका आवळत जातो आणि एका मापानंतर पुन्हा विस्कटतो. त्या मापाच्या आसपास थांबून मग चिंधीची जाडी, वंगण, दाण्याची जाडी बदलून पाहायची, पण एका वेळी एकच गोष्ट. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर श्रेय कोणाला द्यायचे ते कळत नाही. पूर्वी बर्फावर बार उडवून न जळलेले दाणे दिसेपर्यंत दारू वाढवण्याचीही रीत सांगत. त्यावरून दारू वाया कधी जाते ते कळेल, अचूकता कळत नाही.

काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो. हे कीट हवेतला ओलावा शोषते, खाचांत साचते आणि दर गोळीगणिक ठासणे जड करत जाते. म्हणून नेमाने खेळणारे प्रत्येक बारानंतर ओलसर फडके फिरवतात. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते. गजावर भरलेल्या बाराची खूण केलेली असली की हा धोका टळतो.

मराठी वाचकाला या कीटाचा इतिहास वेगळ्या नावाने ठाऊक आहे. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीचा बार ठरलेला होता: ६८ ग्रेन दारू आणि ०.५७७ इंचाच्या नळीत ०.५६८ इंचाची, ५३० ग्रेनांची लांबट गोळी. फट इतकी कमी की वंगणाशिवाय गोळी कीट साचलेल्या नळीत उतरेना. म्हणून दारू आणि गोळी गुंडाळलेल्या काडतुसाच्या कागदाला चरबी आली, आणि तो कागद दातांनी फाडायचा होता. १८५७ मध्ये त्या चरबीवरून भडका उडाला. पुढे गोळीचा व्यास ०.५५० इंचावर आणला गेला, तेव्हा ठासणे सोपे झाले.

अचूकतेची त्या काळातली परिसीमा म्हणजे जोसेफ व्हिटवर्थची षट्कोनी नळीची रायफल. तिचा व्यास ०.४५१ इंच, पीळ २० इंचांत एक. १८६० मध्ये विंबल्डनच्या पहिल्या नेमबाजी स्पर्धेचा आरंभ व्हिक्टोरिया राणीने ४०० यार्डांवर याच रायफलीने केला. रायफल आधारावर आधीच रोखलेली होती आणि गोळी केंद्राजवळ लागली. अमेरिकेत ठासणीच्या नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९३३ पासून आहे आणि तिचे सामने इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी भरतात. तिथल्या मैदानावर आजही बार उडाला की काही जण आधी खाली पडलेली चिंधी उचलतात.