किंमत उतरलेली गाडी आणि स्वस्त गाडी

बडोद्यात अलकापुरीपासून अकोट्यापर्यंत कुठेही गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘अहो, नव्या फॉर्च्यूनरच्या पैशांत दहा-बारा वर्षांची पोर्श येते, मग फॉर्च्यूनर घ्यायचीच कशाला?’ या वाक्याचा पूर्वार्ध पुष्कळदा खरा असतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. किंमत उतरलेली गाडी आणि स्वस्त गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करून घेतलेल्या गाड्या दोन वर्षांत सोसायटीच्या तळघरात धूळ खात उभ्या राहतात. चांगल्या यंत्राची अशी हेळसांड पाहवत नाही, म्हणून हा भेद नीट मांडावासा वाटतो.

जुनी स्विफ्ट, सिटी किंवा इनोव्हा कशी पाहावी हे बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे रंगाचे थर, दारांच्या फटी आणि मीटर फिरवलेला आहे का, यांवर इथे जागा घालवत नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की त्या गाड्यांच्या बाबतीत या दोन गोष्टी एकत्रच नांदतात. जुन्या स्विफ्टची किंमत उतरते आणि तिची दुरुस्तीही स्वस्तच असते, कारण सुटे भाग गावोगावी मिळतात आणि कोणताही अनुभवी मेकॅनिक ते बसवू शकतो. वर्षानुवर्षे अशाच गाड्या घेतल्यामुळे आपली समजूत पक्की होते की गाडी जितकी कमी पैशांत मिळाली, तितकी ती सांभाळायलाही सोपी. स्पोर्ट्स कारच्या दारात ही समजूत घात करते.

गाडीची किंमत बाजार ठरवतो आणि ती वयानुसार खाली येते. दुरुस्तीचा खर्च मात्र सुट्या भागाची आजची किंमत आणि कुशल हातांची आजची मजुरी यांवरून ठरतो, आणि त्या दोहोंना आपली गाडी किती जुनी आहे याच्याशी काहीच कर्तव्य नसते. नवी असताना कोटीच्या घरात गेलेली पोर्शची केमन आज तिच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळत असेल, पण तिचे शॉक अब्सॉर्बर, ब्रेक डिस्क, हेडलॅम्प आणि गिअरबॉक्स कोटीच्या गाडीचेच आहेत आणि त्याच भावाने येतात. किंबहुना भाव वर गेलेला असतो: २०१० च्या सुमारास एका युरोला साठ रुपयांच्या आसपास मोजावे लागत, २०२५ मध्ये तोच युरो शंभराच्या पुढे गेला, आणि परदेशातून येणाऱ्या भागावर सीमाशुल्क व वाहतूक वेगळी. दांडिया बाजारातला जुना वाडा मातीमोल भावाने मिळाला म्हणून त्याच्या तुळईसाठी लागणारे सागवान कोणी मातीमोल भावाने देत नाही. इथेही तेच आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की किंमत का उतरली, हेच बहुतेक जण विचारत नाहीत. पहिल्या काही वर्षांतली घट नवेपणाची आणि पूर्ण बांधून आयात केलेल्या गाडीवरच्या करांची असते. महागड्या आयात गाडीवरचे सीमाशुल्कच गेली अनेक वर्षे शंभर टक्के किंवा त्याहून अधिक राहिलेले आहे, आणि हा कर पुढचा ग्राहक पूर्णपणे भरून देत नाही. परंतु वॉरंटी संपल्यानंतरची घट निराळी असते. गिअरबॉक्सचे किंवा सस्पेन्शनचे मोठे काम जवळ आले आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, व्यापाऱ्याला माहीत असते, आणि बाजार त्या येऊ घातलेल्या खर्चाची रक्कम किमतीतून आधीच वजा करतो. म्हणजे ‘सूट’ म्हणून जी रक्कम आपल्याला दिसते, ती पुढच्या मालकाच्या नावाने आधीच मांडलेली दुरुस्तीची बिले असतात. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत जी सात-आठ लाखांनी कमी आहे ती बहुधा महाग पडते, आणि ‘सौदा’ म्हणून तिच्यावरच उडी घालणाऱ्यांचा मला मनापासून खेद वाटतो.

‘सर्व्हिसला वर्षाला किती लागतात?’ हा प्रश्नही याच गोंधळातून येतो. तेल, फिल्टर, प्लग यांचा वार्षिक खर्च सहसा कुणाला बुडवत नाही. बुडवतात ती वयाने ठरणारी मोठी कामे. फेरारी एफ३५५ चे टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारे पट्टे, बदलायला इंजिन गाडीतून खाली उतरवावे लागते, आणि ते बेल्ट किलोमीटर कितीही कमी असले तरी ठराविक वर्षांनी बदलावेच लागतात. नंतरच्या ३६० मोडेनात हे काम इंजिन न उतरवता होते, आणि एफ४३० मध्ये बेल्टच्या जागी चेन आली. या तीन गाड्या बाहेरून एकाच कुळातल्या दिसतात, पण त्यांच्या मालकांच्या खिशांवरचा भार अगदी वेगळा असतो.

क्लचचेही तसेच आहे. एफ४३० चा एफ-वन गिअरबॉक्स, लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचा ई-गिअर आणि सुरुवातीच्या ऑडी आर८ चा आर-ट्रॉनिक यांना पायाखाली क्लच नसतो म्हणून लोक त्यांना ऑटोमॅटिक समजतात. प्रत्यक्षात आत नेहमीचाच क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबते, आणि रावपुऱ्यातल्या गर्दीत इंच-इंच सरकताना किंवा तळघराच्या चढावर मागे-पुढे करताना तो झपाट्याने झिजतो. किती झिजला आहे हे निदान करणाऱ्या उपकरणावर वाचता येते. तो आकडा दाखवायला जो विक्रेता तयार नाही, त्याच्याकडून गाडी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. २०१३ पासूनच्या आर८ मधला दुहेरी क्लचचा एस-ट्रॉनिक या बाबतीत कितीतरी शांतपणे नांदतो.

पोर्शच्या बाबतीत तर वर्ष हाच सगळ्यांत मोठा प्रश्न आहे. १९९६ पासूनच्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये आणि त्याच पिढीच्या ९९६ मालिकेतल्या साध्या ९११ मध्ये इंजिनाच्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग हा दुबळा भाग आहे. ते फुटते तेव्हा अनेकदा सगळे इंजिनच जाते. २००६ ते २००८ च्या इंजिनांत मोठे बेअरिंग आले, ते क्वचित बिघडते, पण इंजिन पूर्ण उघडल्याखेरीज बदलता येत नाही. २००९ च्या मॉडेलपासून तो शाफ्टच काढून टाकला गेला. म्हणून २००८ ची आणि २००९ ची बॉक्स्टर किमतीत फारशी दूर नसली, तरी त्यांना एकच गाडी मानणे मला मान्य नाही.

या भेदाचा सर्वांत कडू अनुभव विम्यात येतो, आणि तिथे तो कोणीच समजावून सांगत नाही. विमा गाडीच्या उतरलेल्या किमतीचा असतो, दुरुस्ती मात्र न उतरलेल्या भावाने होते. समजा, बारा वर्षांच्या गाडीचे विमा घोषित मूल्य, म्हणजे आयडीव्ही, ३० लाख रुपये आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे, म्हणजे साडेबावीस लाखांपुढे गेला, की गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, धरली जाते. हेडलॅम्प, रेडिएटर, बॉनेट, दोन एअरबॅग आणि पुढचे सस्पेन्शन एवढे मोडले, तर स्पोर्ट्स कारमध्ये ही मर्यादा फार दूर राहत नाही. कोटीचे आयडीव्ही असताना जो अपघात निमूट दुरुस्त झाला असता, तोच अपघात आता गाडी कायमची घेऊन जातो.

नुकसान त्या मर्यादेच्या आत राहिले तरी सुटका नाही. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, बॅटरी, टायर आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापतात. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि दहा वर्षांवरील गाडीला ५० टक्के. फक्त काचेवर कपात नसते. म्हणजे बारा वर्षांच्या गाडीसाठी १० लाखांचे भाग लागले, तर त्यातले जवळजवळ निम्मे आपल्याच खिशातून जातात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारे जादा विमा संरक्षण, घेऊ म्हणावे, तर इतक्या जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही. गाडी पसंत करण्याआधी विमा कंपनीकडून लेखी आयडीव्ही मागवावा. या एका कागदाने अनेकांचे निर्णय बदलतील.

‘फक्त नऊ हजार किलोमीटर, डॉक्टरसाहेबांची गाडी’ ही जाहिरात वाचली की मला चीड येते. कमी चाललेली गाडी म्हणजे बहुतेकदा उभी राहिलेली गाडी, आणि उभ्या गाडीत सील सुकतात, ब्रेकचे तेल ओलावा धरते, बॅटरी मरते. टायरच्या बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो कोणत्या आठवड्यात व वर्षात बनला ते सांगतात: २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. अशा टायरवर नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेले असते, आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या गाडीखाली ते धोक्याचे आहे. त्यात आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि या मिश्रणासाठी न बनवलेल्या जुन्या गाडीच्या टाकीत ते महिनोन्‌महिने पडून राहिले, तर रबरी नळ्या आणि इंधन पंप यांना त्रास होतो. पन्नास हजार किलोमीटर नियमित चाललेली आणि प्रत्येक बिलाचा कागद असलेली गाडी मी नऊ हजारांच्या गाडीपेक्षा केव्हाही पसंत करीन.

बडोदेकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात अकोटा, मुजमहुडा, फतेहगंज, समा या भागांत पाणी शिरले आणि असंख्य गाड्या बुडाल्या. विम्यात टोटल लॉस ठरलेली गाडी भंगार म्हणून विकली जाते, कोणीतरी ती उभी करतो, आणि आरसी पुस्तकात बुडाल्याची नोंद नसल्याने ती स्वच्छ कागदांसह पुन्हा बाजारात येते. स्पोर्ट्स कार जमिनीलगत असते आणि तिची काही नियंत्रण यंत्रे सीटखाली किंवा तळाशी बसवलेली असतात, त्यामुळे गुडघाभर पाण्यानेही तिच्या वायरिंगचे कायमचे नुकसान होते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ पाहावी, गालिच्याखालचा फोम दाबून पाहावा, सीटच्या रुळांवरचा गंज पाहावा, आणि मागच्या मालकाच्या विमा दाव्यांचा इतिहास मागावा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर बडोद्याचा, म्हणजे जीजे-०६ चा, नवा क्रमांक घेणे, मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणणे आणि इथला कर पुन्हा भरणे आले. आधीच्या राज्याचा परतावा अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. गाडी परदेशातून आलेली असेल, तर बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क खात्याचा आयातीचा कागद) आणि चॅसिस क्रमांक ताडून पाहावेत, कारण तात्पुरत्या परवान्यावर किंवा राजनैतिक सवलतीत आणलेल्या गाड्या शुल्क चुकवून विकल्याचे प्रकार झालेले आहेत. पंधरा वर्षांनंतर आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ४० हजार रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते ८० हजार केले गेले. इतर खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. ॲव्हरेज, गतिरोधकांवर घासणारे पोट आणि मागच्या सीटचा अभाव यांवर लोक तासभर बोलतात. त्यांवर निर्णय अवलंबून ठेवू नये.

आता माझी निवड. बडोद्यात राहून अशी गाडी चालवायची असेल, तर २००९ नंतरची, शक्यतो हाताने गिअर टाकण्याची बॉक्स्टर किंवा केमन घ्यावी, आणि कार्बन-सिरॅमिक ब्रेक नसलेली घ्यावी, कारण त्या डिस्कचा एक संच बदलण्याच्या खर्चात चांगली छोटी गाडी येते. पोर्शची अधिकृत कार्यशाळा अहमदाबादेत, सुमारे ११० किलोमीटरवर आहे. एक्सप्रेस-वेने सपाट ट्रकवरून गाडी तिथे सहज पोहोचते. फेरारी किंवा लॅम्बोर्गिनीसाठी चारशे किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागते, आणि प्रत्येक बिघाडाच्या बिलात हे अंतर मिसळलेले असते. सौदा करण्यापूर्वी गाडी कार्यशाळेत लिफ्टवर चढवून, सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि गळती तपासून, पुढच्या तीन वर्षांत येणाऱ्या कामांचा लेखी अंदाज घ्यावा. ती रक्कम विक्रेत्याच्या किमतीत मिळवावी, आणि येणारा आकडा त्याच मॉडेलची दोन-तीन वर्षांनी अलीकडची गाडी पूर्ण नोंदींसह आणि वॉरंटीसह किती रुपयांना मिळते याच्याशी ताडून पाहावा.