ऐश महागते तेव्हा

आपण मराठीत ‘ऐश’ म्हणतो ती चैन. शब्द मूळचा अरबी, अर्थ ‘जगणं’. इजिप्तमध्ये मात्र ऐश म्हणजे रोजची रोटी. भट्टीत टम्म फुगलेली, कोंडा लागलेली, ९० ग्रॅमची. रेशनकार्डावर माणशी दिवसाला पाच मिळतात. १ जून २०२४ ला तिचा दर ५ पियास्टरवरून २० झाला (शंभर पियास्टरचा एक पौंड). तीसहून अधिक वर्षांत दराला पहिल्यांदाच हात लागला. कारण १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी अन्नावरचं अनुदान कापलं, तेव्हा दंगली उसळल्या आणि निर्णय गुंडाळावा लागला. त्यानंतरची सरकारं शहाणी झाली. २०२० मध्ये दर तसाच ठेवून रोटीच ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आणली!

मग गहू कमी पिकला होता का? मुळीच नाही. २०२२-२३ च्या हंगामात जगात सुमारे ७९ कोटी टन गहू झाला, तोवरचा विक्रम.

गोम वेगळीच आहे. गहू वजनाला भारी, किमतीला हलका. कंटेनरभर मोबाइलवर जहाजभाडं दुप्पट झालं तरी फोनच्या किमतीत फारसा फरक पडत नाही. पण समजा गहू भाड्यासकट टनाला २५० डॉलर आहे आणि भाडं २५ चं ५० झालं, तर भाव तिथेच दहा टक्क्यांनी चढला. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाल्यावर काळ्या समुद्रातल्या जहाजांचा युद्धविमाही भडकला. इजिप्तचा बहुतेक आयात गहू याच समुद्रातून यायचा.

त्यात चलन घसरलं. मार्च २०२२ मध्ये डॉलरला पावणेसोळा पौंड पडत होते, मार्च २०२४ नंतर सत्तेचाळीसच्या पुढे. म्हणजे जगात गव्हाचा भाव उतरला तरी कैरोत तो चढाच. २०२२ च्या अखेरीस तर धान्य बंदरात येऊन पडलेलं आणि सोडवायला बँकांकडे डॉलर नाहीत, अशी गत होती.

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. मोठ्या कंपन्या लाल समुद्र आणि इजिप्तचा सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला निघालेल्या नाशिकच्या द्राक्षांनाही तो लांबचा प्रवास आणि वाढीव भाडं सोसावं लागलं. इजिप्तच्या गव्हाची वाट मात्र बदलली नाही. काळ्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला यायला सुएझ लागतच नाही. तरीही फटका बसलाच, कारण कालव्याचा टोल ही देशाची हमखास डॉलर-कमाई. २०२३ मध्ये ती हजार कोटी डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये चारशे कोटींच्या आसपास आली.

सरकारच्याच हिशेबाने एक रोटी बनवायला तेव्हा १२५ पियास्टर लागत होते. चौपट दरवाढीनंतरही गिऱ्हाईक त्यातले २० देतं.