लेसरने चष्मा घालवण्याआधी कॉर्नियाचा हिशोब

लेसरने चष्मा जातो, तो कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याचा, काही भाग कायमचा काढून टाकल्यामुळे. काढलेला भाग पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे चष्म्याचा किती कंटाळा आला आहे, यावर हा निर्णय घेऊन चालत नाही. कॉर्निया किती जाड आहे, त्याचा आकार कसा आहे, डोळ्यात अश्रू पुरेसे आहेत का आणि तुमचं वय काय, हे आधी बघावं लागतं.

डोळ्याची प्रकाश वाकवण्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात मोजतात) धरली, तर त्यातले ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाचे असतात. बुबुळासमोरचा हा पारदर्शक पडदा मधोमध साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त जाड असतो. मायनस नंबर घालवायचा तर त्याचा मधला भाग चपटा करायचा. प्लस नंबर असेल तर कडेने गोलाकार तासून मध्य उंच ठेवायचा. सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे सिलिंडर, असेल तर एका अक्षात जास्त आणि दुसऱ्यात कमी तासायचं. आडवं झाल्यावर डोळा खोबणीत काही अंशांनी फिरतो. त्यामुळे सिलिंडर जास्त असेल, तर बसलेलं असतानाच डोळ्यावर अक्षाची खूण करतात किंवा यंत्र बुबुळाच्या नक्षीवरून ते फिरणं ओळखतं. हे चुकलं तर सिलिंडर अर्धवट राहतो.

तासण्याचं काम करतो तो एक्सायमर लेसर. त्याची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर. नोव्हेंबर १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांनी हा लेसर प्राणिजन्य ऊतीवर चालवून पाहिला. आजूबाजूचा भाग न भाजता स्वच्छ खाच पडते, हे त्यांच्या लक्षात आलं. या अतिनील किरणांच्या एकेका कणात रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. त्यामुळे ऊती जळत नाही, तिचे रेणू सुटून उडून जातात. एका झटक्याला मायक्रॉनचा साधारण पाव भाग निघतो. शस्त्रक्रियेच्या वेळी येणारा वास याच उडालेल्या रेणूंचा असतो. अनेक जण त्या क्षणी डोळा भाजतोय असं समजून घाबरतात, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता हिशोब. किती खोल तासावं लागेल, याचं ढोबळ सूत्र सोपं आहे. तासायच्या भागाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला नंबराने गुणा आणि ३ ने भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. व्यास ६.५ मिलिमीटर असेल तर दर डायॉप्टरला सुमारे १४ मायक्रॉन लागतात. प्रत्यक्षात यंत्रं यापेक्षा थोडं जास्तच काढतात.

समजा, कॉर्निया ५२० मायक्रॉनचा आहे आणि नंबर मायनस ६ आहे. लॅसिक या लेसर पद्धतीत आधी ११० मायक्रॉनचा फ्लॅप, म्हणजे कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा, कापून उचलतात आणि त्याखाली तासतात. तासण्याचे ८४ मायक्रॉन धरले, तर फ्लॅपखाली ३२६ उरतात. हे चालण्यासारखं आहे. आता त्याच कॉर्नियावर मायनस ९ घ्या. तासण्याचे १२६ होतात आणि उरतात २८४. फ्लॅपखाली किमान २५० मायक्रॉन उरले पाहिजेत हा जुना नियम, आणि तो इथेही पाळला जातो. बरेच सर्जन मात्र २८० ते ३०० च्या खाली जायला तयार नसतात. शिवाय दुसरी मोजपट्टी आहे: फ्लॅप आणि तासलेला भाग मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांवर जाऊ नये. पहिल्या उदाहरणात हा आकडा ३७ टक्के येतो, दुसऱ्यात ४५. फ्लॅप झाकून ठेवला तरी त्याचा कॉर्नियाच्या मजबुतीला फारसा आधार राहत नाही, म्हणून तो खर्चाच्या बाजूला धरायचा.

हा हिशोब स्वतः करून बघायला काहीच हरकत नाही. तपासणीच्या कागदावर जाडी आणि नंबर दोन्ही असतात. फ्लॅप किती जाड असेल आणि खाली किती उरेल, हे डॉक्टरांना थेट विचारा. उत्तर आकड्यात मिळालं पाहिजे.

कॉर्निया प्रमाणाबाहेर पातळ झाला, किंवा मुळातच कमकुवत असलेल्या कॉर्नियावर लेसर चालवला, तर डोळ्याच्या आतल्या दाबाने तो हळूहळू पुढे फुगतो. याला एक्टेशिया म्हणतात. नंबर पुन्हा वाढतो, तोही वेडावाकडा, आणि चष्म्याने नीट दिसत नाही. हे काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही होऊ शकतं. प्रमाण कमी असलं तरी परिणाम इतके गंभीर असतात की शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांचा मोठा भाग यासाठीच असतो. केरॅटोकोनस या आजारात कॉर्निया आपणहून शंकूसारखा होत जातो. त्याची सुरुवात झालेली असेल तर रुग्णाला स्वतःला काहीच जाणवत नाही. टोपोग्राफी पुढच्या पृष्ठभागाचा नकाशा देते. टोमोग्राफी मागचा पृष्ठभाग आणि ठिकठिकाणची जाडीही दाखवते. गडबड बऱ्याचदा मागच्या बाजूला आधी दिसते, म्हणून टोमोग्राफीशिवाय होकार घेऊ नये. नुसती मधली जाडी भरपूर आहे एवढ्याने निर्धास्त होता येत नाही. नकाशात खालचा अर्धा भाग वरच्यापेक्षा ठळकपणे जास्त वक्र असेल, सिलिंडर वाढत चालला असेल, घरात कुणाला केरॅटोकोनस असेल किंवा ॲलर्जीमुळे डोळे सतत चोळायची सवय असेल, तर नकार मिळण्याची शक्यता धरून चला. तो नकार डोळा वाचवणारा असतो.

या नकाशांवर कॉन्टॅक्ट लेन्सचा परिणाम होतो, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स तपासणीआधी एक ते दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात. कडक लेन्स वापरत असाल तर तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त. लेन्स आदल्या दिवसापर्यंत घातली असेल तर ते लपवू नका. चुकीच्या नकाशावर बेतलेली शस्त्रक्रिया चुकीचीच होते.

नंबर स्थिर असणं ही पहिली अट. वय किमान १८ लागतं आणि अनेक डॉक्टर २१ पर्यंत थांबायला सांगतात. गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्या डायॉप्टरपेक्षा जास्त बदललेला नको. त्यासाठी जुने चष्म्याचे कागद सोबत न्या. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना संप्रेरकांमुळे नंबर आणि अश्रू दोन्ही बदलतात, तेव्हा पाजणं थांबल्यावर काही महिने जाऊ द्यावेत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या डोळे कोरडे करतात, हेही सांगायला हवं. संधिवातासारखे आजार, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा डोळ्यात पूर्वी होऊन गेलेली नागीण यामुळे जखम भरण्याची प्रक्रिया बिघडते.

थेंब घालून बाहुली मोठी करून केलेली तपासणी टाळू नये. तिची दोन कारणं आहेत. तरुण डोळा आतल्या भिंगावर जोर देऊन गरजेपेक्षा जास्त मायनस नंबर सहज चालवून घेतो. थेंबांनी तो जोर ढिला पडतो आणि खरा नंबर कळतो. फुगलेल्या नंबरावर लेसर केला, तर शस्त्रक्रियेनंतर वाचताना डोळे दुखत राहतात. दुसरं कारण म्हणजे रेटिना, डोळ्याच्या आतला मागचा पडदा. मोठ्या मायनस नंबराचा डोळा लांबीला जास्त असतो आणि कडेची रेटिना ताणलेली असते. लेसरने चष्मा गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते आणि रेटिना सुटण्याचा धोकाही तेवढाच राहतो. कडेला छिद्र सापडलं तर त्यावर आधी उपचार करतात. त्या दिवशी काही तास जवळचं धूसर दिसतं, म्हणून परतताना स्वतः गाडी चालवू नये.

लेसरनंतरची सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार कोरडेपणाची असते. कॉर्नियात मज्जातंतूंचं दाट जाळं आहे. डोळा कोरडा पडतोय हा निरोप तेच देतात आणि मग अश्रू सुटतात. फ्लॅप कापताना हे तंतू तुटतात आणि पुन्हा वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इतर सरकारी संस्थांसोबत केलेल्या अभ्यासात, आधी कोरडेपणाचा त्रास नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना लॅसिकनंतर तीन महिन्यांनी तो जाणवत होता. त्याच अभ्यासात, आधी काही त्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी दिव्याभोवती वलय, चकाकी, किरणं फाकणं किंवा दुहेरी दिसणं यांपैकी किमान एक नवं लक्षण सांगितलं. रोजची कामं अडावीत इतका त्रास मात्र एक टक्क्याहून कमी जणांना होता, आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या दृष्टीबद्दल समाधानी होते. हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. पाटीवरची शेवटची ओळ वाचता येऊनही रात्री गाडी चालवणं नकोसं वाटू शकतं, आणि ज्याचं काम रात्रीच्या रस्त्यावर आहे त्याच्यासाठी ही बाब फार मोठी आहे.

अश्रूंची तपासणी साधी असते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती ओली होते ते मोजतात. ५ मिलिमीटरहून कमी ओल म्हणजे डोळा बराच कोरडा. डोळ्यावरचा अश्रूंचा थर १० सेकंदांच्या आत फाटत असेल, तर आधी त्यावर उपचार घ्या आणि मग पुन्हा मापं काढा, कारण कोरड्या पृष्ठभागावर नकाशा आणि नंबर दोन्ही चुकतात.

लॅसिकशिवाय दोन मुख्य पर्याय आहेत. पीआरकेमध्ये फ्लॅप नसतो. वरचा ५० मायक्रॉनचा पेशींचा थर खरवडून थेट पृष्ठभागावर लेसर चालवतात आणि तो थर पुन्हा वाढेपर्यंत तीन ते पाच दिवस पट्टीसारखी लेन्स ठेवतात. पहिले दोन-तीन दिवस चांगलेच दुखतं आणि नजर बसायला एक ते तीन महिने लागतात. मोठ्या नंबरात कॉर्नियावर धुरकटपणा येऊ शकतो. तो टाळण्यासाठी मायटोमायसिन हे औषध काही सेकंद लावतात आणि नंतर उन्हात गडद चष्मा वापरायला सांगतात. स्टेरॉइडचे थेंब आठवडेच्या आठवडे चालतात आणि त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून मधल्या भेटी चुकवू नयेत. एवढा त्रास असूनही पातळसर कॉर्निया असलेल्यांना किंवा कुस्ती-मुष्टियुद्धासारखे खेळ खेळणाऱ्यांना हाच पर्याय जास्त योग्य, कारण फ्लॅप पूर्वीसारखा कधीच घट्ट जुळत नाही आणि जोराच्या माराने वर्षांनंतरही सरकू शकतो.

स्माइल या पद्धतीत फेम्टोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आत एक पातळ चकती कोरतो आणि दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून ती ओढून काढतात. तंतू कमी तुटतात, फ्लॅपची चिंता नाही. ही पद्धत मुख्यतः मायनस नंबर आणि सिलिंडरसाठी वापरतात. नंबर थोडा राहिला तर दुसऱ्यांदा हीच शस्त्रक्रिया सहज करता येत नाही, बहुधा पीआरके करावं लागतं.

वरच्या मायनस ९ च्या उदाहरणाचं काय? पीआरकेने जाडीचा हिशोब बसेल, पण मायनसच्या दर डायॉप्टरमागे कॉर्निया सुमारे ०.८ डायॉप्टर चपटा होतो. मूळ वक्रता ४२ असेल तर ती ३५ च्या खाली जाईल, आणि इतक्या चपट्या कॉर्नियातून दिसणाऱ्या प्रतिमेचा दर्जा घसरतो. अशा डोळ्यासाठी बुबुळामागे बसवायची लेन्स, म्हणजे आयसीएल, हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. तिला डोळ्याच्या आत पुरेशी जागा लागते, आणि डोळा उघडावा लागत असल्याने तिचे धोके वेगळे आहेत. पण कॉर्निया शाबूत राहतो आणि लेन्स काढता येते.

वय चाळिशीच्या जवळ असेल तर आणखी एक गोष्ट तोलून बघा. मायनस २ किंवा ३ नंबर असलेले लोक चष्मा काढून आरामात वाचतात. लेसरने दूरचं स्वच्छ झालं की ही सोय जाते आणि वाचायला चष्मा लागतो. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवण्याची सोय आहे, पण ती प्रत्येकाच्या मेंदूला मानवत नाही. आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून काही दिवस तसं जगून बघावं.

लॅसिकच्या वेळी भुलीचे थेंब घातल्याने दुखत नाही. फ्लॅपसाठी डोळ्यावर कडं दाबून बसवतात तेव्हा काही सेकंद अंधारून येतं, ते अपेक्षित आहे. डोळा किंचित हलला तर यंत्र मागोवा घेतं, जास्त हलला तर थांबतं. नंतर चार-सहा तास चुरचुरतं, तेव्हा झोपणं उत्तम. महिनाभर डोळे चोळू नयेत, पहिला आठवडा रात्री कवच लावावं आणि दोन ते चार आठवडे पोहू नये. दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, किंवा आलेली नजर पुन्हा धूसर झाली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फ्लॅपखाली सूज असो, जंतुसंसर्ग असो वा फ्लॅप सरकलेला असो, सुरुवातीच्या तासांत सुधारणं सोपं असतं.

शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी यांचे कागद मागून घ्या आणि कायमचे जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या भिंगाची ताकद कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेसर झालेल्या डोळ्यात नेहमीची सूत्रं चुकतात. पातळ कॉर्नियावर डोळ्याचा दाबही प्रत्यक्षाहून कमी मोजला जातो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. लेसर झालेला आहे, हे पुढच्या प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला न विचारता सांगा.